इस्पितळातून थेट घरी, की आधी काही आठवडे शुश्रूषा केंद्रात?

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्या ज्येष्ठांना गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातून) अथवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळातून डिस्चार्ज मिळतो, तेव्हा चालणे, अंघोळ आणि स्वतःहून शौचाला जाणे हे सारे परत मिळवायचे बाकीच असते. ते घरी राहून मिळवावे की फिजिओथेरपीची सोय असलेल्या शुश्रूषा केंद्रात, हे ठरवताना रुग्णाचे किती केले जाईल यापेक्षा तो स्वतः किती करू शकेल, हे आधी पाहावे.

माझा कल घराकडे आहे, पण तो अटींवर. इस्पितळात अनेक वृद्धांना, विशेषतः रात्री, भ्रम होतो आणि ओळखीची खोली, ओळखीचे आवाज व सवयीची पेज मिळाली की त्यांना सावरायला मदत होते. परंतु डिचोली, सत्तरी किंवा फोंड्याकडच्या जुन्या घरांत उंच उंबरठे असतात, न्हाणी मागीलदारी असते आणि पावसाळ्यात तिथल्या फरशीवर शेवाळ धरते. वॉकर उंबरठ्याशी अडतो, तो उचलून पलीकडे ठेवावा लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी आधार सुटून तोल जातो. म्हणून खाटेपासून शौचालयापर्यंतची वाट डिस्चार्जच्या आधीच, रात्रीच्या उजेडात चालून पाहावी. ती बिकट असेल तर खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवावी, तिची बैठक फार खाली नसावी, आणि न्हाणीतली आधाराची दांडी नुसत्या गिलाव्यात न ठोकता आत चिऱ्यापर्यंत पक्की बसवावी.

घरची दुसरी अडचण मायेतून येते. सून भरवते, मुलगा उचलून बसवतो, आणि ज्या स्नायूंना काम हवे ते आणखी दुबळे होतात. अटेंडंट ठेवला तरी रुग्णाला उठवायचे कसे, हे फिजिओथेरपिस्टकडून त्याला प्रत्यक्ष शिकवून घ्यावे. पक्षाघाताने लुळा पडलेला हात धरून ओढल्यास खांद्याला इजा होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुले आखातात किंवा इंग्लंडमध्ये आणि घरी केवळ पंचाहत्तरीचा जोडीदार असेल, तर मात्र आधी केंद्रच बरे, कारण एकाला सावरताना दोघेही पडण्याची भीती असते. पक्षाघातानंतरची सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. त्या काळात नियमित व्यायाम, सपाट फरशी आणि रात्री जागे असलेले माणूस यांचे मोल मोठे आहे. तरीही नाव शुश्रूषा केंद्राचे आणि काम केवळ सांभाळण्याचे, अशी जागा टाळावी. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास न कळवता जाऊन पाहावे: माणसे खुर्चीत बसलेली, हिंडताफिरताना दिसतात की सगळी खाटेवरच आहेत? व्यायाम कोण घेतो, आठवड्यातून किती वेळा घेतो आणि प्रकृती बिघडल्यास रुग्णाला कुठे नेतात, हेही विचारावे. परतीची तारीख प्रवेशाच्या वेळीच ठरवावी, नाहीतर मुक्काम लांबत जातो आणि घरी येण्याचा आत्मविश्वास ओसरतो.

खर्चाबाबत एक गैरसमज आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ते यादीतील उपचारांसाठी असते, घरच्या अटेंडंटचा पगार त्यातून मिळेल असे गृहीत धरू नये. दोन्ही पर्यायांचा हिशेब निदान सहा आठवड्यांचा मांडावा.

पर्याय कोणताही घ्या, औषधांकडे लक्ष हवे. घरात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या जुन्या गोळ्या असतात, इस्पितळातून तेच औषध दुसऱ्या नावाने लिहून दिलेले असते आणि रुग्णाच्या पोटात दुप्पट मात्रा जाते. डिस्चार्जपूर्वी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि कोणत्या बंद करायच्या, ते कागदावर लिहून घ्यावे. जखमेतून स्राव येऊ लागला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर 108 ला लगेच फोन करावा.