काठमांडूला रेल्वे जात नाही

आईचं वय एकाहत्तर. एकदा पशुपतिनाथ पाहायचा, एवढंच तिचं कित्येक वर्षांपासून मागणं. यंदा केळीचे पैसे हातात आले आणि घरातली व भाऊबंदातली मिळून आम्ही आठ जण निघायचं ठरवलं. यावलच्या बाजारात तिकिटं काढून देणारा एक जण होता. तो म्हणाला, "भाऊ, नेपाळच्या सीमेवर रक्सौल आहे, तिथपर्यंत भुसावळहून गाडी. तिथून सकाळी काठमांडूची रेल्वे, दुपारी दर्शन, रात्री परत रक्सौलला." मोबाईलवर त्याने नेपाळात धावणाऱ्या रेल्वेचा व्हिडिओही दाखवला.

व्हिडिओ खरा होता, म्हणूनच आम्ही फसलो. ती गाडी जयनगरहून जनकपूरकडे जाणारी, २०२२ मध्ये सुरू झालेली. जयनगर बिहारमध्ये, रक्सौलहून बरंच पूर्वेला. काठमांडूपर्यंत रूळच नाहीत. रक्सौलहून तिकडे रेल्वे नेण्याचं अजून फक्त बोललं जातंय.

माणशी १३०० रुपये त्या गाडीचे आणि १५०० 'व्हिसा फी'. आठ जणांचे २२,४०० झाले. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागतच नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असलं की झालं. हे घरातल्या शिकलेल्या पोरांनाही सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वर त्याने नेपाळी पैसेही दिले, पाच हजारांना पाच हजार. खरा भाव शंभराला एकशे साठ, आणि तो कित्येक वर्षं ठरलेला आहे. म्हणजे तिथेही तीन हजार नेपाळी रुपये गेले.

भुसावळ–रक्सौल तिकिटं मात्र खरी निघाली. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून आनंदात गेलो. रक्सौलला चौकशीच्या खिडकीवर त्याने काठमांडूच्या गाडीचं तिकीट म्हणून दिलेला कागद दाखवला. बाबूने उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाला, "काठमांडू रेल नहीं जाती, माताजी." आईला ते आधी कळलंच नाही. ती विचारत राहिली, "मग कोणत्या फलाटावर लागते?" मी त्या माणसाला फोन लावला, तो बंद.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. सीमेपलीकडच्या बीरगंजहून काठमांडू घाटाच्या रस्त्याने सहा-सात तासांवर, आणि आईचे गुडघे दुखरे. सीमा ओलांडून बीरगंजला गेलो, तिथूनच तिने डोंगरांच्या दिशेला हात जोडले.

आता त्या कागदाकडे पाहिलं की कळतं, त्यावर दहा आकडी पीएनआर, म्हणजे रेल्वे तिकिटाचा नंबरच नव्हता. रेल्वेच्या चौकशीच्या १३९ वर फोन केला असता तर तिथेच उलगडा झाला असता. मोबाईलवरून दिलेल्या ५००० आगाऊ रकमेची तक्रार ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंदवली. बाकीचे रोख दिले, पावती नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय.

तो माणूस आता चोपड्याकडे श्रावणासाठी बुकिंग घेतोय, असं कानावर आलंय. तुमच्याकडे असा कागद असेल तर फाडू नका. तो घेऊन आधी भुसावळ स्टेशनवर विचारा आणि तिथूनच पोलिसांकडे जा.