किंडर स्काउट : शिखर न शोधता चालावा असा डोंगर

मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन मोठ्या औद्योगिक शहरांच्या मधोमध, इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात किंडर स्काउट उभा आहे. त्याची उंची ६३६ मीटर. हा आकडा वाचून कळसूबाई किंवा साल्हेर चढलेल्या ट्रेकरने त्याला कमी लेखू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. माथ्यावर एखादा सुळका असेल या अपेक्षेने जाऊ नये, ही दुसरी. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातला हा सर्वांत उंच डोंगर असला, तरी वर पसरलेले आहे ते एक विस्तीर्ण, काळे, ओलसर पठार, आणि त्यातला सर्वोच्च बिंदू नेमका कोणता हे जवळ उभे राहूनही सहज ओळखू येत नाही. वेगवेगळ्या ऋतूंत चार वेळा इथे चालल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या डोंगराचे वैभव त्याच्या कडांवर आहे, आणि हे ज्याला आधी कळेल त्याचा दिवस सार्थकी लागेल.

इथे पोहोचणे अगदी सोपे आहे. मँचेस्टरहून शेफिल्डकडे जाणारी, मधल्या लहान स्थानकांवर थांबणारी गाडी काउबर्न बोगद्यातून बाहेर पडली की ईडेलचे हिरवे खोरे समोर उघडते. ईडेल गावापासून पेनाइन वे ही इंग्लंडमधली पहिली लांब पल्ल्याची राष्ट्रीय पायवाट सुरू होते. १९६५ साली खुली झालेली ही सुमारे ४३० किलोमीटरची वाट थेट स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाऊन संपते. तिच्यावरून अपर बूथच्या शेतांमधून जेकब्ज लॅडर ही दगडी पायऱ्यांची चढण चढावी, किंडर लो गाठावे, पश्चिमेच्या कड्याने धबधब्यापर्यंत जाऊन परत फिरावे आणि दक्षिणेच्या कड्याने ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून गावात उतरावे, असा साधारण सोळा किलोमीटरचा फेरा मी सुचवेन. त्याला रमतगमत सहा-सात तास लागतात. चढ असा खरा कष्टाचा एकच, जेकब्ज लॅडरचा.

दक्षिणेच्या कड्यावरचे खडक पाहण्यासाठी मुद्दाम वेळ राखून ठेवावा. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड नदीच्या त्रिभुज प्रदेशात साचलेल्या भरड वाळूचा हा खडक आहे, आणि त्याच्या एका थराला भूशास्त्रज्ञांनी या डोंगराचेच नाव दिले आहे. काळ्या कातळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना आणि हातांना हा खरखरीत, करडा दगड नवा वाटतो. वारा, पाऊस आणि गोठणारे पाणी यांनी तो झिजवून त्याचे असे आकार केले आहेत की वूलपॅक्स, म्हणजे लोकरीची गाठोडी, हे नाव ऐकल्यावर वेगळे वर्णन लागत नाही. पश्चिमेला किंडर नदी सुमारे तीस मीटर खाली कोसळते, त्या जागेला किंडर डाउनफॉल म्हणतात. समोरून जोराचा वारा आला की ते पाणी फवाऱ्यासारखे वर उडते. पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. उन्हाळ्यात मात्र पाण्याची जेमतेम एक धार उरते, तेव्हा केवळ धबधब्यासाठी जुलैत जाऊ नये.

पठाराविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अनेक जण त्याला ओसाड आणि कंटाळवाणे म्हणून मोकळे होतात. पायाखालची काळी माती म्हणजे पीट : पाण्यात बुडून राहिल्याने पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचा थर, जो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तो घडवणारे स्फॅग्नम शेवाळे दोन्ही बाजूंच्या गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराने, त्यातून पडणाऱ्या आम्लयुक्त पावसाने मरून गेले. त्यात मेंढ्यांची अतिचराई आणि वणव्यांची भर पडली. उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहत गेली आणि माणूस उभा मावेल अशा खोल घळी पडल्या. गेल्या दोन दशकांत इथे जे काम झाले आहे ते पाहून मन भरून येते. हेलिकॉप्टरने दगड आणून घळींना लहान लहान बांध घातले गेले, उघड्या मातीवर कापलेले हेदर, म्हणजे माळावरचे ठेंगणे झुडूप, अंथरले गेले, चुना आणि गवताचे बी टाकले गेले, आणि ओल टिकू लागल्यावर स्फॅग्नमची रोपे हातांनी लावली गेली. जिथे जुन्या छायाचित्रांत काळे वाळवंट दिसते, तिथे जूनमध्ये कापसाच्या बोंडांसारखे कॉटनग्रास वाऱ्यावर डोलते आणि ऑगस्टमध्ये उतारावरचे हेदर जांभळे होते. २००९ पासून हा भाग राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे.

पक्ष्यांसाठी एप्रिलअखेर ते जून हा काळ उत्तम. कर्ल्यूची लांबत जाणारी, वर चढणारी शीळ खोऱ्यातूनच ऐकू येऊ लागते. वर टिटवीच्या कुळातला सोनेरी प्लोव्हर एकच करुण सूर पुन्हा पुन्हा लावतो, आणि हेदरमधून लाल ग्राऊस अचानक पायाजवळून फडफडत उठतो. घळीतल्या खडकांवर रिंग ऊझल दिसला तर भाग्य समजावे. छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला हा काळा पक्षी हिवाळा उत्तर आफ्रिकेकडे घालवून इथे घरट्यासाठी येतो. ही सारी घरटी जमिनीवर किंवा जमिनीलगत असतात, म्हणून कुत्रा सोबत असेल तर त्याची दोरी हातात राहिलीच पाहिजे. शेगडी पेटवणे तर पूर्णपणे टाळावे. २०१८ च्या उन्हाळ्यात जवळच्या सॅडलवर्थच्या माळावर लागलेली आग विझवण्यासाठी सैन्य बोलवावे लागले होते, कारण पीट पेटला की जमिनीच्या आतून धुमसत राहतो.

या वाटेवर आज कोणीही मोकळेपणाने चालू शकते, त्यामागे एक इतिहास आहे. हा डोंगर एकेकाळी ग्राऊसच्या शिकारीसाठी राखलेली खासगी मालमत्ता होती. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफिल्ड गावाजवळच्या बोडन ब्रिज खाणीतून बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या कामगाराच्या पुढाकाराने शेकडो तरुण बंदी मोडून वर चढले. त्यांच्यापैकी पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणि २००० चा मुक्त संचाराचा कायदा आला, आणि २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, जमीनदार घराण्याच्या ड्यूकने जाहीरपणे क्षमा मागितली. खाणीत त्या दिवसाची आठवण सांगणारा फलक आहे. हेफिल्डकडून चढणाऱ्यांनी तिथे पाच मिनिटे थांबावे, असे मला मनापासून वाटते.

उणिवा मोजक्या आहेत, पण खऱ्या आहेत. माथ्यावर आडोसा नाही, पिण्याचे पाणी नाही, आणि सुट्टीच्या दिवशी गावातला वाहनतळ सकाळीच भरतो. धुके हा मोठा धोका आहे. पहिल्या खेपेस मी पठार मधून ओलांडायला निघालो आणि एकसारख्या दिसणाऱ्या घळींमध्ये तासभर दिशा हरवून बसलो. तेव्हापासून कागदी नकाशा आणि होकायंत्र घेतल्याशिवाय मी कडा सोडत नाही.

हिवाळ्यात दिवस लहान असतो, तरीही फेब्रुवारीत एकदा जावेच. इंग्लंडमध्ये पहाडी ससे फक्त या पीक डिस्ट्रिक्टच्या माळांवरच उरले आहेत, आणि हिवाळ्यात त्यांची लोकर पांढरी होते. बर्फ वितळून गेल्यावर, काळ्या पीटवर निश्चल बसलेला तो पांढरा ससा शंभर पावलांवरूनही स्पष्ट दिसतो. तिथेच थांबावे, जवळ जाऊ नये. दुर्बीण नेली असेल तर तो कान टवकारून वाऱ्याचा अंदाज घेताना बराच वेळ पाहता येतो.