रोजच्या देवनागरी लिखाणासाठी शाईचे पेन : वर्षभर वापरलेल्या तीन जोड्या

पेनांची परीक्षणे पुष्कळ असतात, शायांचीही असतात. परंतु अमुक पेनात अमुक शाई भरली आणि साध्या झेरॉक्सच्या कागदावर मराठी लिहिताना ती कशी वागली, हे मात्र फारसे वाचायला मिळत नाही. मी महाविद्यालयात शिकवते, टिपणे आणि हजेरीपट मिळून रोज आठ-दहा पाने हाताने लिहिते, आणि गेल्या जूनपासून तीन पेने व तीन शाया ठरावीक जोड्यांनी वापरते आहे. काही पेने शाई सढळ हाताने सोडतात, काही हात आखडता घेतात. शायांमध्येही काही पटकन वाहणाऱ्या आणि काही कोरड्या असतात. सढळ पेनाला कोरडी शाई आणि आखडत्या पेनाला वाहती शाई दिली की बहुतेक तक्रारी मिटतात.

देवनागरीची कसोटी रोमन लिपीपेक्षा वेगळी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण शब्द पुरा लिहून मग वर शिरोरेषा ओढतात. त्या वेळी निब आधीच्या ओल्या काना-दांड्यांच्या टोकांवरून जाते, प्रत्येक सांध्यावर शाईचा दुसरा थर बसतो आणि हलक्या कागदावर नेमकी तेथेच शाई फुटते. पान उलटून पाहिले तर मागच्या बाजूला अक्षरे उमटलेली नसतात, पण शिरोरेषेच्या जागी ठिपक्यांची ओळ दिसते. उलट शाई कमी सोडणाऱ्या पेनाची शिरोरेषा लांब शब्दाच्या शेवटी फिकट होत तुटते. याशिवाय ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट्य’ यांची पोटे जाड निबेखाली भरून जातात आणि अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो. त्यामुळे मराठीसाठी मी बारीक निबेच्या बाजूने आहे.

पहिली जोडी मुंबईची आहे: वॅलिटी ६९ हे ड्रॉपरने भरायचे पेन आणि कॅम्लिनची रॉयल ब्लू शाई. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडी आणि गोळ्यांपासून सुरू केलेला हा व्यवसाय आज कोकुयो कॅम्लिन या नावाने चालतो, आणि या शाईची साठ मिलीची बाटली अजूनही गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. वॅलिटीत कार्ट्रिज (शाईची तयार भरलेली नळी) नाही, पंपही नाही. पुढचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने थेट दांडीतच शाई भरायची, आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचे बारीक बोट फिरवायचे आणि निब वर धरून ते बंद करायचे. माझ्या पेनात जवळजवळ तीन मिली शाई मावते. नेहमीच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणाऱ्या पेनातल्या नळीत, एक मिलीच्या आसपास किंवा त्याहून कमीच मावते, म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी हेच पेन पर्समध्ये टाकते. माझी निब मध्यम आणि सढळ आहे, पण रॉयल ब्लू काहीशी कोरडी असल्यामुळे रेघ आवरलेली राहते. हीच निब एका वाहत्या शाईबरोबर वापरली तेव्हा ‘श्रद्धा’ या शब्दातला ‘द्ध’ साफ बुजला होता. रॉयल ब्लू भरल्यावर तो पुन्हा मोकळा झाला.

ड्रॉपरच्या सर्वच पेनांना एक पथ्य पाळावे लागते. शाई बरीच खाली गेली की दांडीतल्या रिकाम्या जागेत हवा असते, तळहाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला निबेकडे ढकलते. मग लिहिता लिहिता कागदावर टपकन थेंब पडतो. एक तृतीयांश शाई उरली की पेन पुन्हा भरावे, म्हणजे हा प्रसंग येत नाही. पेन बराच वेळ बाजूला ठेवून पुन्हा हातात घेतल्यावर निब क्षणभर वर धरावी.

धुतली जाणारी निळी शाई मात्र पावसाळ्यात कागदपत्रांसाठी वापरू नये. जुलैमध्ये बसमध्ये शेजारच्या छत्रीचे पाणी माझ्या पिशवीत उतरले आणि अशाच एका शाईने लिहिलेली दोन महिन्यांची वाचनटिपणे निळसर डागांत विरून गेली. काही ओळी उजेडासमोर धरून लागल्या, बाकीच्या कायमच्या गेल्या. शाळकरी वह्यांसाठी आणि कपड्यांवरचे डाग निघावेत म्हणून अशी शाई मुद्दाम तशी बनवतात, हे मला माहीत होते. तरी त्या टिपणांचे दुःख अजून आहे.

तेव्हापासून हजेरीपट, अर्ज आणि जपून ठेवायचे सर्व लिखाण मी दुसऱ्या जोडीने करते: प्लॅटिनम या जपानी कंपनीचे बारीक निबेचे पेन प्रेपी ०३ आणि त्याच कंपनीची ब्लू-ब्लॅक शाई. ही शाई लोह आणि मायफळातल्या आम्लांच्या जुन्या पद्धतीची आहे. बाटलीत लोहाचा क्षार विरघळलेला असतो. कागदावर हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि पाण्यात न विरघळणारा काळपट पदार्थ कागदाच्या तंतूंत रुतून बसतो. सुरुवातीला दिसणारा निळा रंग त्यात घातलेल्या रंगद्रव्याचा असतो. सकाळी हजेरीपटावर घातलेली तारीख निळी दिसते, संध्याकाळी तीच राखाडी निळी होते आणि दोन-तीन दिवसांत काळ्याच्या जवळ जाते. मी एका जुन्या पानावर मुद्दाम ओला बोळा फिरवला. निळी छटा थोडी निघाली, पण अक्षर जसेच्या तसे राहिले. युरोपातली शतकानुशतकांची दफ्तरे याच प्रकारच्या शाईत आहेत, आपल्या मोडी कागदांवरची काळी शाई मात्र काजळाची. (काजळाची किंवा लाखमिश्रित शाई साध्या फाउंटन पेनात कधीही भरू नये, निबेखालची जीभ कायमची बंद होते.)

ही शाई आम्लयुक्त असल्यामुळे पेनात वाळू द्यायची नसते, आणि येथेच प्रेपीची निवड योग्य ठरते. टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेले दुसरे छोटे टोपण निबेला घट्ट बंद करते. वर्षभर न वापरताही शाई ओली राहते, असे कंपनी सांगते. दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुटीनंतर माझे पेन पहिल्या रेघेतच लिहिते झाले. जपानी बारीक निब युरोपीय बारीक निबेपेक्षा साधारण एका मापाने बारीक असते, त्यामुळे जोडाक्षरे स्वच्छ येतात आणि झेरॉक्सच्या कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिता येते. निब किंचित खरखरते, हे मान्य केले पाहिजे. मऊ घसरत्या निबेची सवय असलेल्याला पहिला आठवडा जड जाईल. महिन्यातून एकदा मी साध्या पाण्याने पेन धुते. तिन्हींपैकी एकच जोडी ठेवायची झाली, तर मी हीच ठेवीन.

तिसरी जोडी कामाची कमी आणि आवडीची जास्त आहे. लॅमी सफारी हे १९८० पासूनचे जर्मन पेन मुळात शाळकरी मुलांसाठी आखलेले आहे. त्याची त्रिकोणी पकड बोटांना एकाच ठिकाणी बसायला लावते. पेन वेगळ्या पद्धतीने धरणाऱ्यांनी ते हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये. माझी बारीक निब शाई जपून सोडते, आणि शिरोरेषा तुटण्याची अडचण मला तिच्यातच पहिल्यांदा आली. पायलटची इरोशिझुकू मालिकेतली कोन-पेकी ही निळी शाई भरल्यावर ती थांबली. शाई सहज वाहते, रेघेच्या शेवटी जरा गडद होते आणि चांगल्या कागदावर तिच्यात आकाशाची छटा दिसते. पन्नास मिलीच्या काचेच्या बाटलीला तळाशी खळगा आहे, त्यामुळे शेवटचे थेंबही ओढून घेता येतात. किंमत कॅम्लिनच्या कितीतरी पट आहे आणि हलक्या कागदावर ती मागे उमटते, म्हणून ही जोडी मी पत्रांसाठी आणि घरच्या वहीसाठी राखून ठेवली आहे.

दुकानात पेन पाहताना निब दौतीत बुडवून दोन ओळी लिहून पाहण्याची पद्धत आहे. बुडवलेली कोणतीही निब सुरुवातीला सढळच लिहिते, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. आपला रोजचा कागद सोबत न्यावा, दुकानदाराला विचारून शाई भरून घ्यावी आणि अर्धे पान मराठी लिहावे. ‘विद्यार्थिनींसाठी’सारखा एखादा लांब शब्द लिहून त्यावर सलग शिरोरेषा ओढावी, आणि मग पान उलटून पाहावे.