घरी गाडीचं काम करायला टूल्स कुठल्या कंपनीची घ्यावी: टपारिया, बॉश, केपीटी आणि बाकीच्यांबद्दल माझा अनुभव

आधीच सांगतो, सगळी टूल्स एकाच कंपनीची घ्यायच्या भानगडीत पडू नका. जी वस्तू प्रत्यक्ष बोल्टाला नाहीतर स्क्रूला भिडते, म्हणजे रिंग पाना, गोटी (सॉकेट), स्क्रू ड्रायव्हरचं टोक, अॅलन की (षटकोनी भोकाच्या बोल्टाची किल्ली), तिथे पैसे घाला आणि बाकीच्या वस्तूंवर वाचवा. मी गेली दहा-बारा वर्षं घरी काम करतोय आणि माझा जो काही पैसा वाया गेलाय तो हे उलटं केल्यामुळे गेलाय.

माझ्याकडे बाबांची जुनी चेतक आहे, माझी स्प्लेंडर आहे आणि घरची वॅगनआर. तिघींचं ऑइल, प्लग, ब्रेक शू, केबल, एअर फिल्टर हे सगळं मी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधेच करतो, इंजिन उघडायचं असेल तरच मेकॅनिककडे. त्यामुळे खालचं सगळं घरी काम करणाऱ्याच्या नजरेतून आहे, ज्याचं गॅरेज आहे आणि दिवसाला पंधरा गाड्या येतात त्याचा हिशोब वेगळा असणार.

ब्रँडच्या आधी साईझचं बोलतो कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. स्प्लेंडरसारख्या होंडाच्या घराण्यातल्या गाडीवर 8 एमएमच्या बोल्टाचं डोकं बहुतेक 12 चं असतं आणि 10 एमएमच्या बोल्टाचं 14 चं, म्हणजे 8, 10, 12, 14, 17, 19 एवढे पाने असले की जवळजवळ सगळी गाडी उघडते. चेतक मात्र वेस्पाच्या घराण्यातली, तिथे त्याच 8 एमएमच्या बोल्टाला 13 चं डोकं आणि 7 एमएमच्या बोल्टाला 11 चं, आणि स्टेपनी बदलताना चाकाचे नट पण 13 चेच. आता घरात दोन्ही गाड्या असतील आणि तुम्ही फक्त जपानी साईझचा छोटा सेट आणला तर चेतकपुढे नुसतं बसून राहायचं. जुनी लोखंडी इंजिनाची बुलेट असेल तर अजून वेगळं, तिथे व्हिटवर्थ म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची साईझचे पण नट येतात, त्याला एमएमचा पाना लावून जोर दिला की नट गोल झालाच म्हणून समजा. तेव्हा आधी गाडी बघा मग सेट बघा.

आता टपारिया. आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली कंपनी, 1969 पासून पाने-पकडी बनवतायत, सुरुवात एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने झाली होती. बाबांकडे यांची जी पक्कड आहे ती माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची आहे, जबडे अजून एकमेकांवर नीट बसतात आणि तार एका दाबात तुटते. माझ्याकडे यांचा दोन तोंडी उघड्या पान्यांचा 8 नगांचा सेट आहे, 6-7 पासून 20-22 पर्यंत, त्यात 10-11, 12-13 आणि 14-15 असे पाने येतात म्हणजे स्प्लेंडर आणि चेतक दोन्ही एकाच सेटमधे भागतात. त्याच साईझचा रिंग पान्यांचा सेट नंतर घेतला आणि खरं सांगायचं तर रिंगचा आधी घ्यायला हवा होता. उघडा पाना बोल्टाच्या दोनच बाजू धरतो, रिंग सगळीकडून धरते, त्यामुळे पहिला झटका नेहमी रिंगने द्यायचा, बोल्ट सुटला की मग भराभर फिरवायला उघडा पाना. बजेट एकाच सेटचं असेल तर रिंगचा घ्या.

पाना घेताना मी दोन गोष्टी करतो. एक म्हणजे खिशात 10 चं आणि 12 चं डोकं असलेला एकेक चांगला बोल्ट घेऊन जातो आणि काउंटरवरच पान्यात बसवून बघतो, डुगडुगला तर सरळ परत. दुसरं म्हणजे पान्यावर काय कोरलंय ते वाचतो, क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असतं किंवा आपल्या भारतीय मानकाचा नंबर असतो, उघड्या पान्यांसाठी 2028 आणि रिंगसाठी 2029. नुसती चकाकी बघून घेऊ नका, क्रोमचा मुलामा कशावरही देता येतो.

जुनं पण चालत असेल तर पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी एक चक्कर मारा. तिथे अजून गेडोरचे भारतात बनलेले जुने पाने मिळतात, काळे पडलेले, तेलकट, पण धातू इतका चांगला की आजचे बरेच नवीन सेट त्याच्यापुढे हलके वाटतात. गेडोर मूळ जर्मनीच्या रेमशाईडची, इथे झलानींच्या कंपनीने त्यांच्या सहकार्याने बनवले. मला 17-19 ची रिंग तिथेच मिळाली, रॉकेलमधे रात्रभर ठेवून तारेच्या ब्रशने घासली आणि आता वॅगनआरची चाकं काढायला तीच वापरतो, मारुतीचे चाकाचे नट 19 चे असतात, पाईप लावून पाय दिला तरी ती हलत नाही. जुना पाना घेताना तोंड फाकलेलं नाही ना आणि रिंगच्या आतले कोपरे झिजलेले नाहीत ना एवढं बघा.

गोट्यांच्या सेटबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथेच सगळे फसतात, मी पण फसलो. ऑनलाइन एक 46 पीसचा सेट मिळतो, हिरव्या नाहीतर निळ्या पेटीत, शंभर वेगवेगळ्या नावांनी. मी घेतलेल्याचं नाव सांगत नाही. पहिल्याच महिन्यात स्प्लेंडरच्या पुढच्या चाकाच्या एक्सलचा नट सोडवताना रॅचेटच्या (गोटी फिरवायच्या मुठीच्या) आतले दात सटकले आणि माझी बोटं थेट फोर्कवर आपटली, दोन नखं काळी झाली. आता कळतं की चूक नुसत्या दर्जाची नव्हती. त्या सेटचा चौकोन, म्हणजे मुठीचं टोक जे गोटीत बसतं ते, दोन सुताचा असतो, म्हणजे पाव इंचाचा, तो मुळात छोट्या स्क्रूंसाठी आणि 10 पर्यंतच्या बोल्टांसाठी. एक्सल नटाला चार सुताचा म्हणजे अर्ध्या इंचाचा लागतो. बाईकवाल्याला सगळ्यात उपयोगी मधला, तीन सुताचा, आणि नेमका तोच आपल्याकडच्या दुकानांत कमी दिसतो, सगळे अर्धा इंचवालाच पुढे करतात. मागून घ्या पण तीन सुताचा घ्या. आणि गोटी सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. बारा कोनी लवकर बसते हे खरं, पण गंजलेल्या नाहीतर थोड्या गोल झालेल्या डोक्यावर ती घसरते, सहा कोनी डोक्याच्या सपाट बाजूंना धरते. टपारिया, स्टॅन्ली, ग्रोझ, डे नीर्स, लुधियानाकडचे ईस्टमन असे पर्याय आहेत, यातल्या कुठल्याही नावाचा सहा कोनी तीन सुती सेट मिळाला तर घेऊन टाका, यांच्यातला फरक घरच्या वापरात एवढा जाणवत नाही. प्लगची गोटी मात्र वेगळी घ्या, आतून रबर असलेली. स्प्लेंडरला 16 ची, चेतकला 21 ची.

अॅलन की अन्ब्राकोची, यावर मला वाद घालायचाच नाहीये. स्वस्त अॅलन की चं टोक पिळवटतं आणि बोल्टाचं भोक गोल करून टाकतं, मग ड्रिल आणा, एक्स्ट्रॅक्टर आणा, अर्धा दिवस गेला. कानस घ्यायची तर जेके, रत्नागिरीत बनते, एक चपटी आणि एक त्रिकोणी पुरे.

स्क्रू ड्रायव्हरचं एक गुपित सांगतो जे मला फार उशिरा कळलं. जपानी घराण्याच्या गाड्यांचे जुने कार्बोरेटरच्या वाटीचे स्क्रू, साईड कव्हरचे स्क्रू, हे दिसायला आपले साधे फिलिप्स चौफुलीसारखे असतात पण ते जपानी मानकाचे असतात, डोक्यावर कधीकधी एक छोटा ठिपका असतो. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि चौफुली चाटून टाकतो. लोक म्हणतात स्क्रू मऊ आहे. स्क्रू मऊ नसतो, टोक चुकीचं असतं. यासाठी व्हेसलचा जपानी मानकाचा 2 नंबरचा ड्रायव्हर मागवा, ओसाकाची 1916 ची जुनी कंपनी आहे, महाग वाटेल पण एकच लागतो. आणि जो स्क्रू वर्षानुवर्षं उघडलाच नाही त्याला हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, मागून ठोकलं की तो टोक आत दाबतो आणि त्याच वेळी थोडं फिरवतो.

टॉर्क रेंच. माझ्या स्प्लेंडरचा ऑइलचा खालचा बोल्ट एका गॅरेजमधे इतका आवळून दिला की पुढच्या वेळी उघडताना अॅल्युमिनियमचे आटे बोल्टाबरोबर बाहेर आले. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी लागली. त्यानंतर मी टॉर्क रेंच घेतला, म्हणजे ठरवलेल्या जोराएवढंच आवळता येणारा पाना. अर्ध्या इंचाचा मोठा रेंच चाकाच्या नटांसाठी ठीक आहे, पण त्याच्या खालच्या टोकाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, बाईकच्या छोट्या बोल्टांना वेगळा छोटा रेंच लागतो. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं म्हणजे आतली स्प्रिंग दाबलेली राहत नाही.

आता वीजवाली टूल्स, इथे थोडक्यात. ड्रिल मशीन मी बॉशची निळी घेतली, 500 वॉटची, उलटसुलट फिरणारी आणि ट्रिगरने वेग कमी-जास्त होणारी. बॉशमधे निळी म्हणजे रोज काम करणाऱ्यांसाठी आणि हिरवी घरगुती, आपल्याकडे दुकानात निळीच जास्त दिसते आणि घेतलेली बरी. पोलादात भोक पाडताना वेग कमी लागतो, फुल स्पीडवर बिट जळतं, त्यामुळे वेग बदलता न येणारी मशीन कितीही स्वस्त असली तरी नको. बॉश घ्यायचं मला दिसणारं खरं कारण म्हणजे कार्बन, स्विच, आर्मेचर हे सगळं गावोगावच्या रिपेअरवाल्याकडे मिळतं. मकिता हाताला जास्त हलकी आणि गुळगुळीत चालते, ज्याच्या जवळ त्यांचं सर्व्हिस सेंटर आहे त्याने खुशाल मकिता घ्यावी.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची केपीटी, म्हणजे 1976 ची, आधीच्या नावाने कुलकर्णी पॉवर टूल्स, यांचा ब्लोअर मी वापरतो आणि घरी काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ब्लोअर असायला हवा असं मला मनापासून वाटतं. प्लग काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ उडवून लावा, नाहीतर प्लग निघाला की ती सगळी माती सिलिंडरमधे पडते. धुतलेली साखळी वाळवायला, एअर फिल्टरच्या डब्यातला कचरा काढायला, सगळीकडे लागतो.

ग्राइंडर चार इंची कुठल्याही चांगल्या नावाचा चालेल पण डिस्क नीट बघून घ्या. मशीन मिनिटाला 11-12 हजार फेरे घेते, डिस्कवर 15,300 च्या आसपास आकडा छापलेला असतो, तो मशीनच्या आकड्यापेक्षा जास्तच हवा. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर एक्सपायरी पण असते, कारण ती राळेने बांधलेली असते आणि जुनी झाली की फुटू शकते. गार्ड काढून काम करणारे खूप पाहिलेत, कृपा करून तुम्ही काढू नका, आणि चष्मा घाला.

बॅटरीवाल्या मशीनमधे व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. एका डब्यावर 18 आणि दुसऱ्यावर 20 लिहिलेलं असतं, आत दोन्हीकडे 5 सेलच्याच रांगा, एकाने चालू व्होल्टेज लिहिलं आणि दुसऱ्याने फुल चार्जचं. 12 आणि 10.8 चं पण तेच, 3 सेल. बघायचं ते हे की पुढे त्याच बॅटरीवर अजून काय चालेल. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्या पण एकमेकींना चालत नाहीत, म्हणून पहिली मशीन घेताना पुढच्या तीन मशीनचा विचार करा. मी अजून बॅटरीवाली घेतलेली नाही, पार्किंगमधे प्लग पॉइंट आहे तोवर वायरवाली बरी आणि त्या पैशात रिंगचा सेट आणि व्हेसल दोन्ही येतात.

डुप्लिकेट मालापासून सांभाळा. मी एकदा एका दुकानातून नामांकित कंपनीचा म्हणून प्लायर घेतला, घरी आल्यावर बघितलं तर नावातलं एक अक्षर वेगळं होतं. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, पण पक्कं बिल मागा, बिल द्यायला का कू करणाऱ्याकडून घेऊच नका.

सध्या मी सहा एमएमच्या टॅपचा सेट शोधतोय, टोटेमचा, आपल्या वाळूजला बनतो. चेतकच्या काउलच्या (बाजूच्या पत्र्याच्या झाकणाच्या) आतल्या एका बोल्टाचे आटे गेलेत, बाबा म्हणतात वेल्डिंग करून टाक, पण मला ते पुन्हा नीट आटे पाडूनच बसवायचंय.