व्हर्टआयओ-एफएस : गेस्टची रॅम बॅकएंडच्या हाती देताना

होस्टवरील (मूळ यंत्रावरील) फोल्डर गेस्टमध्ये (त्यावर चालणाऱ्या आभासी यंत्रात) उघडण्यासाठी मी आधी क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील नाइनपी ही सोय वापरत होतो. आता बहुतेक ठिकाणी व्हर्टआयओ-एफएस वापरतो. काम एकच असले, तरी दोन्हींची मांडणी वेगळी आहे. नाइनपीचा सगळा कारभार क्यूईएमयूच्याच प्रोसेसमध्ये चालतो, तर व्हर्टआयओ-एफएसमध्ये फाइली हाताळण्याचे काम व्हर्टआयओ-एफएसडी नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम करतो आणि त्यासाठी गेस्टची मेमरी त्याला खुली करून द्यावी लागते. या साधनाचा वेग आणि त्याची डोकेदुखी या दोन्हींचे मूळ तिथेच आहे, म्हणून हे परीक्षणही मुख्यतः त्याबद्दलच आहे.

क्यूईएमयू आणि हा बॅकएंड, म्हणजे व्हर्टआयओ-एफएसडी, युनिक्स सॉकेटवरून (एकाच यंत्रावरील प्रोग्रॅममधील संवादमार्गावरून) व्हीहोस्ट-यूजर या प्रोटोकॉलने बोलतात. तो क्यूईएमयूच्या २.१ या आवृत्तीत, २०१४ साली आला. फाइलींतला मजकूर या सॉकेटवरून जात नाही. जातो तो मेमरीचा नकाशा : प्रत्येक भाग गेस्टच्या कोणत्या पत्त्यावर सुरू होतो, तो केवढा आहे, आणि सोबत त्या भागाचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला कर्नलने दिलेला क्रमांक). बॅकएंड तो डिस्क्रिप्टर एममॅप करतो, म्हणजे ती मेमरी स्वतःच्या पत्त्यांत जोडून घेतो, गेस्टने रांगेत ठेवलेली विनंती थेट गेस्टच्या रॅममधून उचलतो आणि उत्तरही तिथेच लिहून ठेवतो. एकदा गाडी रुळावर आली, की दर विनंतीसाठी क्यूईएमयूला मध्ये पडावे लागत नाही. हजारो लहान फाइली असलेला प्रकल्प गेस्टमध्ये कंपाइल करताना हा फरक मला घड्याळाकडे न बघताही जाणवला.

मात्र पहिल्याच दिवशी मी दोनदा अडखळलो. नेहमीच्या पद्धतीने दिलेल्या रॅमला डिस्क्रिप्टरच नसतो, त्यामुळे क्यूईएमयूने मेमरीचा नकाशा तयार करता येत नसल्याचे सांगून 'मेमरी-बॅकएंड-फाइल' आणि 'शेअर=ऑन' वापरण्याची सूचना केली. इतकी स्पष्ट सूचना मिळूनही मी तिचा पहिला अर्धाच भाग अमलात आणला. फाइल डेव्ह-एसएचएममध्ये (लिनक्समधील, रॅममध्येच राहणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) ठेवली, 'शेअर' लिहायचे राहून गेले, आणि गेस्टमधील माउंटची आज्ञा एकही त्रुटी न दाखवता नुसती लटकून राहिली. कारण कळल्यावर स्वतःचेच हसू आले. 'शेअर' बंद असेल तर मॅपिंग खासगी होते, गेस्ट जे लिहितो ते क्यूईएमयूच्या स्वतःच्या प्रतीत जाते, आणि बॅकएंड त्याच फाइलच्या कोऱ्या पानांकडे डोळे लावून बसतो. गेस्टने हाक मारली होती, पण ती भिंतीच्या अलीकडेच राहिली होती.

आता मी 'मेमरी-बॅकएंड-मेमएफडी' वापरतो; मेमएफडी म्हणजे फोल्डरमध्ये न दिसणारी, रॅममधलीच फाइल. २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या या प्रकारात 'शेअर' मुळातच चालू असते, फाइलचा मार्ग द्यावा लागत नाही आणि डेव्ह-एसएचएमच्या आकाराची मर्यादाही आड येत नाही. ही मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी असते; डॉकर कंटेनरमध्ये तर वेगळे सांगितले नाही तर ती अवघी ६४ एमबी असते. लिबव्हर्ट या आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या साधनातून काम करणाऱ्यांनी मेमरी-बॅकिंगच्या विभागात स्रोत 'मेमएफडी' आणि अॅक्सेस 'शेअर्ड' असे लिहिले की पुरते.

या सोयीची किंमत मेमरीच्या हिशेबात मोजावी लागते. केएसएम ही सारखा मजकूर असलेली मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) एकत्र करून रॅम वाचवणारी कर्नलची सोय आहे; पण ती फक्त खासगी, अनामिक (फाइलशी न जोडलेली) पाने एकत्र करते, त्यामुळे एकाच इमेजवरून उठवलेले अनेक गेस्ट सामायिक मेमरीवर चालवले तर ती बचत हातची जाते. मोठी पाने आपोआप मिळण्याची सोयही अशा मेमरीसाठी कर्नलमध्ये सहसा बंदच असते; ती हवी असतील तर ह्यूजपेजेस आधीच राखून ठेवावी लागतात. 'टॉप' या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत बॅकएंडच्या व्हर्टच्या (आभासी मेमरीच्या) रकान्यात अख्ख्या गेस्टचा आकार दिसतो, पण त्याला घाबरण्याचे कारण नाही, कारण तीच पाने दोन ठिकाणी मोजलेली असतात.

सुरक्षेच्या बाबतीत माझे मत अर्धे अनुकूल आहे. गेस्टने पाठवलेल्या वेड्यावाकड्या विनंतीने बॅकएंड फोडला, तर हल्लेखोर क्यूईएमयूमध्ये न पोहोचता नेमस्पेस आणि सेककॉम्प या कर्नलच्या बंधनांनी बांधलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये अडकतो, ही जमेची बाजू आहे. पण बॅकएंडला एखादा तुकडा नव्हे, तर गेस्टची जवळजवळ सगळी रॅम वाचता-लिहिता येते. म्हणून तो कुठून आणला आणि कोणत्या अधिकारांनी चालवला, याची काळजी क्यूईएमयूइतकीच घ्यावी.

जुन्या मार्गदर्शिका वाचताना एक पथ्य पाळावे. क्यूईएमयूसोबत येणारा सी भाषेतील व्हर्टआयओ-एफएसडी ८.० आवृत्तीत, २०२३ साली, काढून टाकण्यात आला. आता त्याची जागा रस्टमधील स्वतंत्र प्रकल्पाने घेतली असून त्याचे पर्याय लिहिण्याची पद्धतही बदलली आहे.

माझ्या रोजच्या कामाच्या यंत्रावर व्हर्टआयओ-एफएस कायम राहील. घरातील जुन्या, ८ जीबीच्या यंत्रावर मात्र एकाच इमेजचे चार गेस्ट केएसएमच्या जोरावर कसेबसे मावतात, तिथे नाइनपीच ठेवले आहे.