मास्टर सिलिंडर बदलला, म्हणे!

इंग्लंडमध्ये लेस्टरला आल्यावर मी २००१ची माझ्दा एमएक्स-५ सेकंडहँड घेतली. दोनच सीट, उघडं छप्पर. बायकोच्या मते हे चाळिशीतले थेर.

एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, जवळ आली म्हणून मागचे ब्रेक पॅड बदलून घेतले. गाडी ताब्यात घेतली तर ब्रेकचं पेडल निम्म्यापर्यंत नुसतं मऊ, मग कुठे ब्रेक धरायचा. परत गेलो. गॅरेजवाल्याने दोनदा पाय मारला आणि निदान केलं, "मास्टर सिलिंडर गेलाय." म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. बदलायचे ३८० पौंड; रोख दिले तर ३४०. चाळीस वाचतायत म्हणून मी रोख दिले. अस्सल मध्यमवर्गीय शहाणपण!

पेडल सुधारलं खरं, पण हँडब्रेक दोन टिचक्यांतच घट्ट व्हायला लागला आणि मागच्या चाकांजवळ हात नेला की धग लागायची. तीन आठवड्यांत पेडल पुन्हा खाली. आता म्हणे एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकलीय, आणखी ६०० लागतील. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

ओळखीतले एक गुजराती काका घरी येऊन गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी मला पेडल एक मिनिट दाबून धरायला लावलं. ते खाली सरकलं नाही. मग भराभर दोनदा पंप करायला सांगितलं, तर वर आलं आणि कडक झालं. म्हणाले, "सिलिंडर बराबर है. पॅड डिस्क से दूर है." मग बॉनेट उघडून त्यांनी सिलिंडरचे नट दाखवले. जुना गंज जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. तो भाग कुणी खोललाच नव्हता!

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा. या गाडीच्या मागच्या कॅलिपरला, पॅड डिस्कजवळ आणायला, हातानं ॲडजस्टमेंट करावी लागते. नवे पॅड घातल्यावर ती राहूनच गेली होती, आणि ते झाकायला हँडब्रेकची केबल ताणली होती. काकांनी आधी केबल सैल केली. मग कॅलिपरमागचा बोल्ट काढून ४ मिमीची ॲलन की घातली, चाक अडेपर्यंत फिरवली आणि साधारण एक तृतीयांश फेरा मागे घेतली. दोन्ही चाकं मिळून अर्धा तास, ४० पौंड.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "सिलिंडर असं कुठे लिहिलंय?" चिठ्ठीवर खरंच फक्त 'ब्रेकचं काम' होतं. जुना भाग मागितला, तर भंगारात गेला म्हणे. इथे १०० पौंडांवरचं बिल क्रेडिट कार्डाने भरलं असेल, तर १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं. मी रोख देऊन ती वाट स्वतःच बंद केली होती. तेव्हा गाडी सोडतानाच सांगा: काढलेला भाग मला परत हवा, आणि बिलावर त्याचं नाव हवं.

आणि हो, बाहेर कुठे ब्रेक ऑइल गळत नसतानाही दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर मात्र बहुतेक मास्टर सिलिंडरच. ती गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका, उचलून न्यायला सांगा.