किडस्क्रीन-२७: खान्देशातल्या शाळांत वापरण्याजोगी आहे का?

मुलांची तब्येत मुलांनाच विचारणारी ही प्रश्नावली १३ युरोपीय देशांनी मिळून बनवली. ८ ते १८ वयोगटासाठी ५२, २७ आणि १० प्रश्नांच्या तीन आवृत्त्या आहेत. शाळेसाठी २७ चीच घ्यावी. १०-१५ मिनिटांत होते आणि शरीर, मन, आईवडील व मोकळीक, मित्र, शाळा असे पाच वेगळे गुण देते. १० प्रश्नांची आवृत्ती एकच आकडा देते. दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातून कळत नाही. वापरण्याआधी निर्मात्यांची परवानगी घ्यावी लागते.

शाळेत तपासणीला येणारं सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक डोळे, दात, रक्तक्षय पाहतं. 'गेल्या आठवड्यात अंगात उत्साह होता का' हे मात्र मुलालाच विचारावं लागतं. नंदुरबारच्या आदिवासी भागात या प्रश्नाला फार मोल आहे. 'कधीच नाही' म्हणणाऱ्या मुलाची हिमोग्लोबिन आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का, ते लगेच पाहावं.

खरी अडचण आईवडिलांच्या भागात येते. 'आईवडिलांनी तुला पुरेसा वेळ दिला का?' हा प्रश्न मूल रोज घरी झोपतं असं धरून लिहिलेला आहे. अक्कलकुवा-धडगावकडचं आश्रमशाळेतलं मूल आईवडिलांना कित्येक आठवडे भेटत नाही. ते ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. ते मूल प्रामाणिकपणे 'कधीच नाही' लिहितं, गुण घसरतो आणि अहवालात 'पालकांशी संबंध कमकुवत' असं येतं. हा त्या घरावर अन्याय आहे. त्याच भागात पैशांचे दोन प्रश्न आहेत, म्हणजे घरची गरिबीही याच गुणात मिसळते. आश्रमशाळा आणि गावातली शाळा यांची तुलना करताना हा भाग वेगळा काढावा आणि शेवटची भेट कधी झाली तेही विचारावं.

घरच्या स्थितीसाठी युरोपात गाडी, स्वतःची खोली, सहली, संगणक यांची यादी जोडतात. इथे तिचा उपयोग नाही. त्याऐवजी शेती बागायत की कोरडवाहू, घरात नळ आणि संडास आहे का, मोटारसायकल आहे का, घरचे वर्षातून किती महिने बाहेरगावी कामाला असतात, हे विचारावं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पहिल्याच प्रश्नावर एका वर्गातली मुलं वेगळी होतात.

उत्तरं 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत पाच पायऱ्यांची असतात. त्यातल्या 'क्वचित' आणि 'कधीकधी' यांत चौथी-पाचवीची मुलं गोंधळतात. फळ्यावर रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत पाच ग्लास काढावेत आणि सरावाला विचारावं, 'गेल्या आठवड्यात कळण्याची भाकर किती वेळा खाल्ली?' सगळ्यांचे हात बरोबर ग्लासाकडे गेले की मगच पेपर वाटावेत. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या वर्गात त्यांची बोली येणाऱ्या माणसाने एकेक प्रश्न मोठ्याने वाचावा. मुख्याध्यापक वर्गात बसले तर शाळेच्या प्रश्नांना सगळीकडे 'नेहमी' येतं. त्यांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगावं.

जवळजवळ सगळे प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असल्याने परीक्षेचा किंवा सातपुड्यातला होळीचा आठवडा टाळावा. दिवाळीनंतर कापूस वेचणीला गेलेली मुलं गैरहजर असतात आणि नेमकी तीच मोजणीतून सुटतात.

प्रत्येक उत्तराला गुण १ ते ५. उदास वाटणं, काहीच करावंसं न वाटणं, एकटं वाटणं हे तीन प्रश्न उलटे मोजायचे, म्हणजे 'नेहमी'ला १ आणि 'कधीच नाही'ला ५. एक्सेलमध्ये सर्वांत जास्त चूक इथेच होते. रिकामं उत्तर शून्य धरू नये. पुढे गुण ५० सरासरीच्या मापात बदलतात, पण ती सरासरी युरोपीय मुलांची आहे. तिच्यावरून धुळ्याच्या मुलाला 'कमी' ठरवू नये. आपल्याच मुलांची आपसांत तुलना करावी. वय वाढतं तसे गुण उतरतात, मुलींचे जास्त, हे युरोपातही दिसलं आहे. म्हणून मुलगे-मुली आणि इयत्ता वेगळ्या मांडल्याशिवाय शाळांची क्रमवारी लावू नये.

पालकांची वेगळी प्रत मिळते. शरीराबद्दल दोघांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, मनाबद्दल कमी. पालकांची प्रत मुलाच्या बदली चालवू नये.

पेपरवर नाव नको, फक्त क्रमांक; क्रमांक-नावाची यादी बंद पाकिटात एका जबाबदार व्यक्तीकडे. तिन्ही उलट्या प्रश्नांना 'नेहमी' लिहिणारं मूल सापडलं तर त्याच दिवशी पाकीट उघडून त्याच्याशी बोलावं. वर्गात मुलांच्या मदतीचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक आधीच लावून ठेवावेत. ही तयारी नसेल तर प्रश्नावली वाटूच नये.